१४ जूनपर्यंतची मुदत: २०१९ च्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचं प्रकरण

४ जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सुटीतल्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्या एमडी-एमएस प्रवेशांची अखेरची तारीख १४ जूनपर्यंत वाढवून दिली. जुनी मुदत त्याच दिवशी संपत होती. प्रवेशाला मुदतवाढ मिळाली की उमेदवारांना हायसं वाटतं, असा सर्वसाधारण समज आहे. त्या दिवशी तसं झालं नाही. काहींना सुटल्यासारखं वाटलं, काहींच्या पोटात गोळा आला, आणि बऱ्याच जणांना आनंद मानायचा की दुःख, हेच कळेना. एकच तारीख, एकच आदेश, आणि प्रतिक्रिया इतक्या टोकाच्या. हे का झालं ते समजून घ्यायला हे प्रकरण मुळापासून पाहायला हवं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या गोंधळाच्या मुळाशी मराठा आरक्षण होतं, पण ते योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. मला लिहायचं आहे ते तारखेबद्दल, आणि ती हलल्यावर अर्जदारांवर काय गुदरतं याबद्दल.

गोंधळाचं मूळ नोव्हेंबरात

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा ६ जानेवारी २०१९ ला झाली आणि निकाल ३१ जानेवारीला लागला. परीक्षेची नोंदणी मात्र २ नोव्हेंबर २०१८ पासूनच सुरू होती. दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर परीक्षेची नोंदणी त्याहून आधी, ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झाली होती. या दोन तारखांनी पुढे अख्खं प्रकरण फिरवलं.

कारण मराठा समाजाला सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणजे एसईबीसी, म्हणून १६ टक्के आरक्षण देणारा राज्याचा कायदा ३० नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला. म्हणजे नीट-पीजीची नोंदणी सुरू झाल्यानंतर चार आठवड्यांनी. याच कायद्याच्या कलम १६ मध्ये सरकारनेच एक पोटकलम घातलं होतं: कायदा येण्यापूर्वी जी प्रवेशप्रक्रिया सुरू झाली असेल, तिला हा कायदा लागू होणार नाही. प्रवेश परीक्षेवर आधारलेल्या अभ्यासक्रमांत परीक्षेची प्रक्रिया सुरू झाली की प्रवेशप्रक्रिया सुरू झाली असं समजायचं, हेही तिथेच लिहिलं होतं.

म्हणजे प्रश्न साधा होता. २०१९ च्या एमडी-एमएस प्रवेशांना नवं आरक्षण लागू आहे की नाही? कायद्याची दोन पानं आणि परीक्षेची जाहिरात शेजारी ठेवून डिसेंबरातच कुणीतरी याचं उत्तर द्यायला हवं होतं. लागू करायचं असेल तर कायद्यात दुरुस्ती करायला तेव्हा तीन-चार महिने हाताशी होते. लागू करायचं नसेल तर तसं माहितीपुस्तिकेत छापायचं. यातलं काहीच झालं नाही. मार्चच्या सुरुवातीला राज्याने अधिसूचना काढून या प्रवेशांना एसईबीसीचं १६ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण लावलं आणि प्रवेशांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने त्यानुसार प्रक्रिया सुरू केली. पहिली निवड यादी लागली, लोकांनी महाविद्यालयांत जाऊन प्रवेश घेतले.

२ मे २०१९ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की कायद्याचा स्वतःचाच नियम पाहता यंदाच्या पदव्युत्तर वैद्यकीय आणि दंत प्रवेशांना एसईबीसी आरक्षण लागू होत नाही. न्यायालयाने आरक्षणाच्या वैधतेला हात लावला नव्हता. त्या मोठ्या प्रश्नावरचा निकाल मुंबईत वेगळ्या खंडपीठापुढे राखून ठेवलेला होता. नागपूरचा मुद्दा फक्त तारखेचा होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ मे रोजी तिथेही अपील फेटाळलं गेलं.

आझाद मैदान

पहिल्या यादीत एसईबीसी कोट्यातून जागा मिळालेले सुमारे अडीचशे डॉक्टर होते. ९ मेच्या दुपारी त्यांची स्थिती काय होती, हे नीट डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. यादीत नाव आलं, महाविद्यालयात जाऊन शुल्क भरलं, रुजू झालो, आणि आता तो प्रवेश राहिलेला नाही. यात त्यांची चूक कोणती? त्यांनी कुठलाही खोटा दाखला दिला नव्हता. सरकारने छापलेल्या पुस्तिकेत जो प्रवर्ग होता, त्यात त्यांनी अर्ज केला होता. काहींनी तर याच जागेच्या भरवशावर अखिल भारतीय कोट्यातल्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या पर्यायांकडे पाहिलंही नसणार, आणि ते दरवाजे एव्हाना बंद झाले होते.

ही मुलं आझाद मैदानात बसली. मे महिन्याचं ऊन, मुंबईची घामट हवा, आणि बसलेले लोक म्हणजे एमबीबीएस झालेले डॉक्टर. त्यांची मागणी होती कायद्यातलं ते पोटकलम बदलणाऱ्या अध्यादेशाची, आणि अध्यादेश निघेपर्यंत प्रवेशाची मुदत संपू न देण्याची. म्हणजे त्यांच्यासाठी मुदतवाढ ही सवलत नव्हती. ती मिळाली नाही तर अध्यादेश निघूनही उपयोग शून्य होता. जागा भरून गेल्यावर कायदा दुरुस्त झाला तर तो कुणाच्या कामाचा? म्हणून प्रत्येक दिवस पुढे ढकलला जाणं त्यांना हवं होतं.

आणि दिवस कमी होते. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या तेव्हाच्या वेळापत्रकानुसार पदव्युत्तर वर्ग १ मेला सुरू होत आणि मे महिन्यातच प्रवेश आटोपायचे असत. त्यात लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता सुरू होती. निवडणूक आयोगाची परवानगी घेतल्याशिवाय अध्यादेश काढणं सरकारला शक्य नव्हतं. अखेर १७ मे रोजी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मंजुरी दिली आणि २० मे रोजी राज्यपालांची सही झाली. कायद्यातलं ते अडचणीचं पोटकलम दुरुस्त झालं, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. मतमोजणी २३ मेला होती. हे सगळं किती घाईत झालं ते एवढ्यावरून लक्षात यावं.

पलीकडची बाजू

याच दिवसांत खुल्या प्रवर्गातले उमेदवार आणि त्यांचे पालक दुसऱ्या बाजूने रस्त्यावर आणि न्यायालयात होते. त्यांच्या रागाला अनेकदा फक्त ‘आरक्षणविरोध’ असं लेबल लावलं गेलं. तो काहींच्या बाबतीत असेलही. पण मुदतवाढीबद्दलची त्यांची तक्रार वेगळी होती आणि ती ऐकून घेण्यासारखी होती. नागपूरचा निकाल लागला, दिल्लीत कायम झाला, तेव्हा त्यांना वाटलं की प्रश्न सुटला. त्यानंतर तारीख पुढे जाऊ लागली आणि त्यांच्या लक्षात आलं की हा वाढवलेला वेळ अर्ज भरायला दिलेला नाही. तो निकाल बदलण्याची व्यवस्था करायला घेतलेला वेळ आहे.

आकड्यांचीही भीती होती. आधीपासूनच्या आरक्षणात १६ टक्के आणि १० टक्के मिळवले तर राज्य कोट्यात खुल्या उमेदवारांसाठी पाव भागाहून कमी जागा राहतात. पदव्युत्तर प्रवेशात हा आकडा शाखानिहाय पाहावा लागतो. एखाद्या महाविद्यालयात रेडिओलॉजीच्या राज्य कोट्याच्या जागाच दोन-चार असतात. त्यातली एक इकडची तिकडे झाली की गुणवत्ता यादीत पुढे असलेल्या मुलाला रेडिओलॉजीऐवजी ॲनाटॉमी समोर दिसते. एमबीबीएसला जागा एका महाविद्यालयात मिळाली काय आणि दुसऱ्यात काय, शेवटी डॉक्टरच होता येतं. एमडीला मिळालेली शाखा मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं बदलत नाही. हाडांचा डॉक्टर व्हायचं की भूलतज्ज्ञ, हे त्या यादीतली एक ओळ ठरवते.

सरकारने या उमेदवारांना शांत करण्यासाठी आणखी एक निर्णय घेतला: आरक्षणामुळे सरकारी जागा हुकलेल्या खुल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना खासगी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा लागला तर त्यांच्या शुल्काचा भार राज्य उचलेल, आणि केंद्राकडे जादा जागाही मागितल्या जातील. हेतू चांगला होता असं मानूया. पण सरकारी रुग्णालयातली जागा आणि खासगी महाविद्यालयातली जागा यांत फक्त पैशांचा फरक नसतो. केईएम, जेजे, ससून, नागपूरचं मेडिकल किंवा औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) घाटी, इथे रोज जितके आणि ज्या तऱ्हेचे रुग्ण येतात, त्यावर शिकणाऱ्याचा हात तयार होतो. शुल्क भरून ती कमतरता भरून येत नाही, हे सगळ्या उमेदवारांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यांचा कुणी आवाज नव्हता

आता मला ज्या गटाबद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, त्याच्याकडे येतो. हा गट ना आझाद मैदानात होता, ना याचिकेत. पहिल्या फेरीत जागा मिळाली, ती पसंत पडली, जाऊन रुजू झाले, असे सगळ्या प्रवर्गांतले उमेदवार. यांच्यात अनुसूचित जाती-जमातींचे, ओबीसींचे, भटक्या-विमुक्तांचे विद्यार्थी होते, खुले होते, एसईबीसीही होते.

प्रवेश घेणं म्हणजे काय असतं, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. निवड यादीत नाव आल्यावर ठरलेल्या दिवसांत त्या महाविद्यालयात हजर व्हायचं. हातात फाईल: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, वैद्यकीय परिषदेची नोंदणी, अधिवास, जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर. सगळी मूळ कागदपत्रं, आणि त्यासोबत साक्षांकित प्रतींचे दोन-तीन संच. अधिष्ठात्यांच्या नावाने डिमांड ड्राफ्ट. मूळ कागदपत्रं महाविद्यालय ठेवून घेतं आणि पोच देतं. ही एक पोच सोडली तर उमेदवाराच्या हातात स्वतःच्या शिक्षणाचा दुसरा कुठलाच मूळ पुरावा उरत नाही. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा; तो भरला की पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. नाही भरला तर पुढच्या फेरीत वरची जागा मिळण्याची शक्यता राहते, पण तशी मिळाली की आधीची जागा आपोआप सुटते.

हा फॉर्म भरायचा की नाही, हा निर्णय उमेदवार एका हिशेबावर घेतो. आपल्या प्रवर्गात आपल्या पुढे किती जण आहेत, गेल्या वर्षी ही शाखा कितव्या क्रमांकाला बंद झाली, दुसऱ्या फेरीत साधारण किती जागा मोकळ्या होतील. मुलं यासाठी रात्र रात्र बसून तक्ते बनवतात. मे २०१९ मध्ये या हिशेबातली प्रत्येक संख्या बदलली, आणि तीही एकदाच बदलून थांबली नाही. १६ टक्के धरून एक गणित, ते वगळून दुसरं, अध्यादेशानंतर पुन्हा पहिलं, आणि मेच्या शेवटी चौथं. ज्याने पहिल्या गणितावर विसंबून फॉर्म भरला, त्याला तिसऱ्या गणितात आणखी चांगली शाखा मिळाली असती. ज्याने भरला नाही, त्याला चौथ्यात काय होणार याचा पत्ता नव्हता.

शिवाय ही मुलं तोवर कामाला लागलेली होती. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रुजू झाल्या दिवसापासून वॉर्डात असतो. रक्ताचे नमुने, केस पेपर, रात्रीचे कॉल, वरिष्ठांची ओरड, हे सगळं सुरू झालेलं. वसतिगृहात खोली मिळालेली किंवा मिळायची बाकी. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर मोबाईलवर बघायचं की आज कुठल्या न्यायालयात काय झालं. या माणसाला मुदतवाढ काय देते? काहीच नाही. त्याने सगळं वेळेत केलेलं होतं. वेळेत केलं म्हणूनच तो सगळ्यात जास्त टांगणीला लागला. मुदतवाढीची बातमी देताना ‘विद्यार्थ्यांना दिलासा’ असा मथळा सरसकट छापला जातो, तेव्हा हा उमेदवार त्या मथळ्यात कुठेच नसतो.

३० मे आणि ४ जून

अध्यादेशाने एक गाठ सोडवली असं वाटत असतानाच दुसरी बसली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची १०३ वी घटनादुरुस्ती जानेवारी २०१९ च्या मध्यात लागू झाली, म्हणजे नीट-पीजी होऊन गेल्यानंतर. ३० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या यंदाच्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत या १० टक्क्यांना स्थगिती दिली. कारणं दोन होती. प्रक्रिया सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत. आणि वैद्यकीय परिषदेने जागा वाढवून दिल्याशिवाय आहे त्या जागांतून हा वाटा काढता येणार नाही. पुन्हा काही जणांचे प्रवेश गेले. यांच्यासाठी कुणी मैदानात बसलं नाही, अध्यादेशही निघाला नाही. संख्येने ते थोडे होते, आणि थोड्यांचं दुःख बातमीत मावत नाही.

या स्थगितीनंतर ज्या जागा मोकळ्या झाल्या, त्या कुणाला आणि कशा द्यायच्या, यावरून नवा वाद सुरू झाला. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवारांचं म्हणणं असं की फक्त मोकळ्या झालेल्या जागा भरून चालणार नाही. आरक्षणाचा तक्ता बदलला तर सगळ्यांना पसंतीक्रम नव्याने देऊ द्या, कारण आधीचे पसंतीक्रम वेगळ्या तक्त्यावर आधारलेले होते. ही मागणी घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ जूनचा आदेश त्यातून आला: राज्याने समुपदेशनाची एक अंतिम फेरी नव्याने घ्यावी, उमेदवारांना शाखा आणि महाविद्यालयाची पसंती बदलू द्यावी, वृत्तपत्रांतून जाहिरात द्यावी आणि हे सगळं १४ जूनपर्यंत पूर्ण करावं. यापुढे या प्रवेशांबाबत दुसऱ्या कुठल्या न्यायालयाने अर्ज ऐकू नये, असंही न्यायालयाने बजावलं.

मला या आदेशातली सगळ्यात मोलाची गोष्ट पसंतीक्रम बदलण्याची मुभा ही वाटते. तोवरची प्रत्येक मुदतवाढ म्हणजे फक्त कॅलेंडरवरची नवी तारीख होती. उमेदवाराने जे निर्णय जुन्या माहितीवर घेतले, ते तसेच गोठलेले राहत. ४ जूनच्या आदेशाने पहिल्यांदा मान्य केलं की तारीख आणि नियम दोन्ही बदलले असतील तर उमेदवारालाही आपला निर्णय बदलायचा हक्क आहे. उशिरा का होईना, ही न्यायाची गोष्ट होती.

तरीही प्रतिक्रिया फुटलेल्याच राहिल्या, आणि त्याचं कारणही याच मुभेत होतं. सगळ्यांना पसंती बदलता येणार म्हणजे सगळ्यांचीच जागा हलू शकणार. ज्याला पहिल्या फेरीत मनासारखी शाखा मिळाली होती आणि जो महिनाभर वॉर्डात राबला होता, त्याला ही फेरी म्हणजे धोका वाटली. ज्याची शाखा मनाविरुद्ध होती, त्याला ती दुसरी संधी वाटली. दोघांचेही गुण कदाचित एकसारखे असतील, प्रवर्गही एकच असेल. फरक एवढाच, की तारीख हलली तेव्हा एकाच्या हातात हवी ती जागा होती आणि दुसऱ्याच्या नव्हती.

याच महिन्यात नाकारलेली मुदतवाढ

त्याच जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आणखी एक अर्ज होता. पदव्युत्तर वैद्यकीयच्या रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्यासाठी समुपदेशनाची मुदत वाढवावी, अशी मागणी खासगी शिक्षण संस्थांच्या एका संघटनेने केली होती. २१ जून रोजी न्यायालयाने ती नाकारली. जागा रिकाम्या राहतात एवढ्यावरून मुदत वाढवता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

वरवर पाहता हे दोन आदेश एकमेकांच्या विरोधात वाटतील. माझ्या मते ते नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या तारखांबद्दल सर्वोच्च न्यायालय २००५ च्या मृदुल धर प्रकरणापासून कडक आहे, आणि २०१२ च्या प्रिया गुप्ता प्रकरणात तर वेळापत्रक मोडणाऱ्यांना त्याने खडसावलं होतं. ही कडक भूमिका उगाच घेतलेली नाही. तारीख सैल असली की शेवटच्या दिवशी रिकाम्या जागा दाखवून त्या मागच्या दाराने भरण्याची सोय होते, हे महाराष्ट्रात आणि इतरत्रही पाहिलेलं आहे. शिवाय उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण तेवढं मागे पडतं आणि तोवर त्याच्या वाट्याची कामं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर ओढतात. सरकारी रुग्णालयांत मे-जून हा तेव्हा तसाही ताणाचा काळ असायचा. जुनी तुकडी परीक्षा देऊन बाहेर पडायची, नवी यायची असायची, आणि पावसाळा तोंडावर यायचा, म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण येऊ घातलेले असायचे. त्या वर्षी पहिल्या वर्षाचे निवासी नक्की कुठे आणि कोणत्या शाखेत असणार, हे जूनच्या मध्यापर्यंत ठरलेलं नव्हतं. वॉर्डातल्या रुग्णाला या मुदतवाढीची बातमी कुणी दिली नाही, पण तिची किंमत त्यानेही मोजली.

दोन आदेशांतला फरक असा की ४ जूनला उमेदवारांवर झालेला अन्याय दुरुस्त करायचा होता. २१ जूनला कुणा उमेदवाराची चूक किंवा नुकसान नव्हतं; संस्थांच्या जागा भरायच्या होत्या. मुदत कुणासाठी वाढते, हा प्रश्न न्यायालयाने दोन्ही वेळा विचारला असं मला दिसतं.

मुदत कधी वाढवली, हे महत्त्वाचं

या प्रकरणातून मला जे ठामपणे मांडायचं आहे, ते हे. अर्ज भरण्याच्या टप्प्यावर दिलेली मुदतवाढ आणि जागावाटपानंतर दिलेली मुदतवाढ या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दोन्हींना एकाच सुरात ‘दिलासा’ म्हटलं जातं. अर्जाची तारीख वाढली तर सेतू केंद्रात अडकलेला दाखला मिळतो, सर्व्हर बंद पडल्याने राहिलेला फॉर्म भरता येतो. वेळेत भरलेल्याचं त्यात फारसं काही जात नाही. फार तर स्पर्धेत थोडे लोक वाढतात. जागावाटप झाल्यावर तारीख वाढली तर मात्र जी जागा एकाला मिळते, ती दुसऱ्याच्या हातातून जाते. तिथे मुदतवाढ म्हणजे फेरवाटप असतं. फेरवाटप करायचं असेल तर त्याचे नियम तारखेच्या आधी जाहीर झाले पाहिजेत: कुणाची जागा अबाधित आहे, कुणाची नाही, पसंती बदलता येईल का, भरलेलं शुल्क आणि मूळ कागदपत्रं कधी परत मिळतील.

मे २०१९ मध्ये उमेदवारांना या प्रश्नांची उत्तरं कुठून मिळत होती? न्यायालयाच्या कामकाजाच्या बातम्यांतून, मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांतून, आणि एकमेकांना पाठवलेल्या निरोपांतून. सीईटी सेलच्या सूचनेत नवी तारीख असे, पण तिच्यामागचे नियम त्यात सापडत नसत. म्हणून प्रत्येक मुदतवाढ कुणाच्या तरी फायद्यासाठी आणि आपल्या विरुद्ध आहे, असं दोन्ही बाजूंच्या मुलांना वाटत राहिलं. तो संशय मुलांच्या स्वभावातून आलेला नव्हता. माहितीच्या अभावातून तो वाढला. आझाद मैदानातल्या मुलांना वाटे की मुदत मुद्दाम संपू देतील. न्यायालयाच्या दारातल्या मुलांना वाटे की मुदत मुद्दाम लांबवत आहेत. दोघंही एकाच कार्यालयाकडे बोट दाखवत होते, आणि दोघांच्याही हातात त्याच कार्यालयाने दिलेली माहितीपुस्तिका होती.

अध्यादेशाला पुढे उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण प्रवेश कायम राहिले. २७ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षण वैध ठरवलं आणि शिक्षणातलं प्रमाण १६ वरून १२ टक्क्यांवर आणलं. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ५ मे २०२१ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे आरक्षणच रद्द केलं. या दोन्ही वेळी न्यायालयाने एक गोष्ट आवर्जून लिहिली: स्थगितीच्या तारखेपर्यंत झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांना धक्का लागणार नाही. २०१९ ची ती तुकडी तोवर रुग्णालयांच्या कोविड वॉर्डांत काम करत होती.